नडगीतली तीन सेंटीमीटरची गॅप आणि विरघळणारा स्कॅफोल्ड: आधी महिने ठरवा, मग मायक्रॉन

प्रश्न थोडक्यात असा: अपघातात नडगीच्या हाडाचा तीन सेंटीमीटरचा तुकडा गेला आहे असं धरून एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी पीएलए या विरघळणाऱ्या प्लॅस्टिकचा स्कॅफोल्ड (नव्या हाडाला आधार देणारी सच्छिद्र जाळी) साध्या एफडीएम प्रिंटरवर (वितळलेला धागा थरावर थर रचणारा थ्रीडी प्रिंटर) छापायचा आहे. छिद्रं किती मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची) असावीत, इनफिल (आतला भराव) किती टक्के ठेवावं आणि ताकद हाडाच्या जवळपास कशी न्यावी?

छिद्रांचा आकडा आधीच देऊन टाकतो, म्हणजे तो विषय डोक्यातून जाईल. १०० मायक्रॉनच्या खाली हाड नीट आत शिरत नाही, हे १९७०च्या दशकापासून माहीत आहे. ३००च्या वर गेलात की रक्तवाहिन्यांना आत यायला वाव मिळतो. पॉलिमरच्या स्कॅफोल्डसाठी ३०० ते ६००च्या दरम्यान कुठेही राहा. ४०० बरं की ५०० बरं यावर एक सेमिस्टर घालवू नका. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हा फरक बाकीच्या गोंधळात बुडून जातो. खरे प्रश्न तीन आहेत: भार कोण उचलणार, स्कॅफोल्ड किती महिने टिकला पाहिजे, आणि रक्त कुठून येणार. यांची उत्तरं मिळाली की मटेरियल जवळजवळ आपोआप ठरतं, आणि छिद्रांचा नंबर त्यानंतर लागतो.

आता ताकद. नडगीच्या कठीण हाडाचा यंग मॉड्युलस, म्हणजे ताठरपणाचं माप, लांबीच्या दिशेने १५ ते २० जीपीए (गिगापास्कल) असतो. छिद्र नसलेल्या, भरीव पीएलएचा असतो साधारण ३ जीपीए. म्हणजे १०० टक्के इनफिल ठेवलं तरी तुम्ही हाडाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यावरच आहात, आणि तुम्हाला तर अर्ध्याहून जास्त जागा मोकळी सोडायची आहे. ‘हाडाइतकी ताकद’ हे उद्दिष्ट सिनॉप्सिसमधून आजच काढून टाका. गाईड हरकत घेतील, त्यांना पुढचं गणित दाखवा.

६० टक्के सच्छिद्र स्कॅफोल्ड घ्या. सच्छिद्र पदार्थांसाठीचं गिब्सन-ॲशबीचं ढोबळ सूत्र सांगतं की मॉड्युलस सापेक्ष घनतेच्या वर्गाच्या पटीत घसरतो. सापेक्ष घनता, म्हणजे भरीव भागाचा हिस्सा, ०.४, तिचा वर्ग ०.१६. आधी पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन) हे पीएलएपेक्षा मऊ विरघळणारं प्लॅस्टिक घेऊ: त्याचा भरीव मॉड्युलस ३५० एमपीए (मेगापास्कल, जीपीएचा हजारावा भाग) धरला तर हाती येतात ५६ एमपीए. प्रत्यक्ष चाचणीतही अशा पीसीएल जाळीचे आकडे काही दशक एमपीएच्या घरातच येतात. चालताना नडगीवर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट बल येतं; ६५ किलोच्या माणसाला १६०० न्यूटन धरू. स्कॅफोल्डचं काटछेद क्षेत्र, मधली पोकळी वजा जाता, साधारण ३०० चौरस मिलिमीटर. म्हणजे दाब पाच एमपीएच्या थोडा वर, आणि दबण्याचं प्रमाण नऊ-दहा टक्के. फ्रॅक्चर जुळण्याबद्दलच्या पेरेनच्या सिद्धान्ताप्रमाणे हाड थेट बनायला हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत लागतं. दहाच्या आसपास फारतर मऊ कॅलस (हाड जुळताना आधी बनणारं कूर्चेसारखं ऊतक) तग धरतो. शिवाय एवढ्या दाबाला ही जाळी कधीच यील्ड होऊन (कायमची दबून) बसलेली असेल.

हेच गणित पीएलएने केलं तर मॉड्युलस ४८० एमपीए येतो आणि दबणं एक टक्क्याच्या थोडं वर. कागदावर पास! म्हणूनच सगळे पीएलएकडे धावतात. पण ही कोरड्या, ताज्या, खोलीच्या तापमानातल्या तुकड्याची गोष्ट झाली. ३७ अंशांवर, पाणी शोषलेलं पीएलए सततच्या भाराखाली हळूहळू सरकतं आणि जुनं झालं की ठिसूळ होतं. महिन्यागणिक लाखभर पावलं पडणार. त्या थकव्याचं काय, याचं उत्तर दाब-चाचणीच्या एका आलेखात नसतं.

तेव्हा नडगीत भार उचलायचं काम प्लेटचं किंवा आतल्या रॉडचं. स्कॅफोल्डने जागा राखायची, स्नायूला गॅपमध्ये घुसू द्यायचं नाही आणि नव्या हाडाला चढायला पृष्ठभाग द्यायचा. प्लेट फार कडक असेल तर उलटा त्रास होतो: भारच पोचला नाही तर हाड बनतं पण दाट होत नाही. त्यामुळे तुमच्या फायनाइट एलिमेंट मॉडेलमध्ये (दाब-ताणाचा संगणकी हिशेब) एकटा स्कॅफोल्ड दाबून रंगीत चित्रं काढू नका. हाडाची दोन्ही टोकं, प्लेट, स्क्रू आणि मधला स्कॅफोल्ड असं सगळं एकत्र घ्या, आणि स्कॅफोल्डमधला स्ट्रेन, म्हणजे दबण्याचं प्रमाण, किती राहतो ते बघा. दोन टक्क्यांच्या आत राहिला तर पीसीएलसारखं मऊ मटेरियलही पुरतं.

आता वेळ, म्हणजे या सगळ्याचं मर्म. स्लॅबचं सेंटरिंग लवकर काढलं तर स्लॅब खाली येतो. इथे सेंटरिंग स्वतःच विरघळतंय, आणि कधी विरघळायचं हे तुम्ही मटेरियल निवडतानाच ठरवून बसता. साधं नडगीचं फ्रॅक्चर जुळायलाच चार-सहा महिने जातात. तीन सेंटीमीटरची गॅप भरायला वर्ष लागलं तरी नवल नाही, आणि त्यानंतर हाडाची घडण बदलत राहते ती पुढची काही वर्षं.

पॉलिएस्टर (पीएलए, पीसीएल याच जातीचे) कसे विघटित होतात हा क्रम पक्का लक्षात ठेवा. आधी पाणी आत शिरतं, मग साखळ्या तुटून रेणुभार उतरतो, मग ताकद जाते, आणि वजन सगळ्यात शेवटी घटतं. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत नेहमी दिसणारा आलेख म्हणजे बफरमध्ये (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात) ठेवलेल्या तुकड्याचं आठवडावार वजन. रेषा बारा आठवडे सपाट, निष्कर्ष ‘स्कॅफोल्ड स्थिर आहे’. त्याच तुकड्याचा जीपीसीवर (रेणुभार मोजायच्या यंत्रावर) रेणुभार काढला तर तो निम्म्यावर आलेला असू शकतो. चिमट्यात धरला की कट्कन तुटतो. वजन मोजा, पण त्यावर काही ठरवू नका.

पीएलजीए (लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचं मिश्र पॉलिमर) ५०:५० प्रमाणातलं एक-दोन महिन्यांत संपतं, ८५:१५ पाच-सहा महिन्यांत. नडगीसाठी दोन्ही घाईचे. पीएलएलए (पीएलएचा स्फटिकी प्रकार) काही वर्षं टिकतं, पण त्याची शेवटची अवस्था त्रासदायक असते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये गालाच्या हाडाच्या फ्रॅक्चरसाठी पीएलएलएच्या प्लेट बसवलेल्या काही रुग्णांना साधारण तीन वर्षांनी त्याच जागी सूज आली. हाड केव्हाच जुळलं होतं. सूज होती ती स्फटिकी कणांच्या रूपात मागे उरलेल्या पॉलिमरमुळे. तीन वर्षांनी रुग्ण तुमच्याकडे परत येईल तेव्हा तुमचा प्रोजेक्ट संपलेला असेल, हा भाग वेगळा.

पीएलएची दुसरी खोड म्हणजे आम्ल. तुटलेल्या साखळ्यांतून लॅक्टिक आम्ल सुटतं. बाहेरच्या थरातलं वाहून जातं, आतलं अडकून राहतं आणि आतलं विघटन आणखी वाढवतं. धागा जाड असेल तर तो आतून पोकळ होत जातो आणि बाहेरून धडधाकट दिसतो. म्हणून पीएलए वापरायचंच असेल तर बारीक धागे वापरा, आणि आम्लाला थोडा उतारा म्हणून कॅल्शियम फॉस्फेट मिसळा.

नडगीसाठी मी पीसीएल आणि बीटा-टीसीपी (कॅल्शियम फॉस्फेटचं सिरॅमिक) यांचं मिश्रण निवडेन, वजनाने ८०:२०. पीसीएल साठच्या आसपास अंशांना वितळतं, त्यामुळे छापायला सोपं. विघटन मंद आणि आम्लाचा लोंढा नाही. मंद म्हणजे किती? उंदरांवरच्या २००६च्या एका अभ्यासात ६६,००० रेणुभाराच्या पीसीएलच्या कॅप्सूल दोन वर्षं आकार राखून होत्या आणि तीस महिन्यांच्या सुमारास त्यांचे तुकडे झाले. हाच त्याचा दोषही. तुमच्या ६० टक्के सच्छिद्र स्कॅफोल्डमधली ४० टक्के जागा पीसीएल दोन-तीन वर्षं अडवून बसतं, आणि तिथे तोवर हाड येत नाही. तरी मी लवकर जाणाऱ्यापेक्षा उशिरा जाणारं पत्करेन. उशीर झाला तर प्लेट आधाराला असते, घाई झाली तर गॅप तशीच राहते.

टीसीपीबद्दल एक हिशेब करून बघा. वजनाने २० टक्के म्हटलं की भरपूर वाटतं. पण टीसीपीची घनता ३.०७ आणि पीसीएलची १.१५, त्यामुळे आकारमानाने ते जेमतेम साडेआठ टक्के भरतं. त्यात वितळवून काढलेल्या धाग्यावर पॉलिमरची सलग कातडी चढते आणि सिरॅमिकचे कण तिच्याखाली गाडले जातात. पेशीला दिसतं ते निव्वळ पीसीएल. उपाय सोपा आहे: कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात काही तास बुडवून ठेवा. कातडी खरवडली जाते, कण उघडे पडतात, पृष्ठभाग पाणी धरायला लागतो. किती तास ते तुमच्या धाग्याच्या जाडीवर बघा. आधी आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली जाडी मोजा, कारण जास्त वेळ ठेवलंत तर धागाच बारीक होतो आणि वरचं सगळं गणित बदलतं.

आता इनफिलच्या टक्क्यांकडे येतो. स्लायसरमधलं (मॉडेलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) इनफिल म्हणजे सच्छिद्रतेचं उलट, असं समजून चालू नका. पहिली गोष्ट, स्लायसर आपल्या मनाने बाहेरून भिंती आणि वर-खाली भरीव थर घालतो. ते सगळं शून्य करा. नाहीतर आत सुंदर जाळी आणि बाहेरून बंद डबा, रक्तवाहिनी शिरणार कुठून? दुसरी गोष्ट, धागा नोझलच्या भोकाएवढा राहत नाही, बाहेर पडताना थोडा फुगतो. ०.३ मिमीच्या नोझलमधून ०.३५चा धागा येतो असं धरू. धाग्यांच्या मध्यरेषांमधलं अंतर ०.८५ आणि थराची उंची ०.२८ ठेवली तर सच्छिद्रता साधारण ६० टक्के येते, आणि वरून पाहिलं तर छिद्र दिसतं ५०० मायक्रॉनचं.

आता तोच तुकडा आडवा करा आणि बाजूने बघा. ०-९० अंशांच्या मांडणीत एकाच दिशेचे धागे दर दोन थरांनी येतात, म्हणजे ०.५६ मिमीवर. त्यातून धाग्याची जाडी ०.३५ वजा करा: बाजूची खिडकी उरते २१० मायक्रॉनची. पोस्टरवर छापलेलं ५०० मायक्रॉनचं छिद्र हाडाच्या लांबीच्या दिशेने आहे. आजूबाजूच्या स्नायूतून येणाऱ्या रक्तवाहिन्यांना मात्र ही २१०ची फट मिळते. काठावर तर आणखी वाईट, कारण धागा जिथे वळण घेतो तिथे गोळा साचतो आणि फट अजून बुजते. यावर तोडगा असा की एकाच दिशेचे दोन थर एकावर एक छापा आणि मग दिशा बदला. खिडकी ४९० मायक्रॉनवर जाते आणि सच्छिद्रता तीच राहते. जाळी आडव्या बळाला जरा लेचीपेची होते, पण प्लेट असताना ते चालतं. हा बदल फुकटचा आहे, आणि मायक्रो-सीटीत बाजूचा छेद मुद्दाम बघितल्याशिवाय तो कुणाला सुचत नाही.

जायरॉइड (सलग वळणदार पृष्ठभागाची जाळी) करू का, असं पुढे विचाराल. ती रचना देखणी आहे, वळणदार पोकळ्यांत ऊतक कोपऱ्यांपासून भरत येतं हेही खरं, पण पीसीएलचा मऊ धागा त्या उतारांवर लोंबतो. लेझर सिंटरिंग किंवा रेझिन प्रिंटर हाताशी असेल तरच त्या वाटेला जा.

बाजारातलं फिलामेंट वापरणार असाल तर तो प्रोजेक्ट भूमितीचा म्हणा, वैद्यकीय म्हणू नका. त्यात रंग असतो, प्रवाही करणारी भर असते, आणि काय-काय असतं ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. मेडिकल ग्रेड पीसीएल दाण्यांच्या रूपात घ्या आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या एक्स्ट्रूडरमधून छापा. त्याचं फिलामेंट तसंही इतकं लवचीक असतं की गिअरमध्ये दुमडतं. मिश्रण वितळलेल्या अवस्थेत दिवसभर कार्ट्रिजमध्ये ठेवू नका, सकाळचा आणि संध्याकाळचा तुकडा रेणुभाराने वेगळा निघतो. पीएलए असेल तर आधी नीट सुकवा, ओलं पीएलए नोझलमध्येच विघटित व्हायला लागतं.

आणखी एक गोष्ट, जी पेशी वाढवायला घेतल्यावर पहिल्याच दिवशी दिसते. कोरडा पीसीएल स्कॅफोल्ड पाण्यात टाकला की तरंगतो. छिद्रांत हवा अडकलेली असते, आणि जिथे हवा तिथे पेशी पोचत नाहीत. आधी ७० टक्के इथेनॉलमध्ये बुडवा, व्हॅक्युमखाली धरा. बारीक बुडबुड्यांची माळ वर येते ती थांबेपर्यंत थांबा, मग इथेनॉलच्या जागी दोन-तीनदा ताजा बफर घाला. ऑपरेशन थिएटरमध्ये हे सगळं करायला कुणाला वेळ नसतो, म्हणूनही सोड्याची प्रक्रिया उपयोगी पडते.

निर्जंतुकीकरणाचा विचार शेवटी करतात आणि तिथेच फसतात. ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांना पीसीएलचा थेंब होतो आणि पीएलए वाकडं होतं. गॅमा किरणांच्या नेहमीच्या २५ किलोग्रे मात्रेने पीएलए-पीएलजीएच्या साखळ्या तुटतात, म्हणजे पेटी उघडायच्या आधीच काही महिने खर्ची पडलेले असतात. उरतो इथिलीन ऑक्साइड, तोही कमी तापमानाचा, आणि वायू निघून जायला पुरेसा अवधी देऊन. काहीही निवडा, पण विघटनाच्या सगळ्या चाचण्या निर्जंतुक केलेल्या तुकड्यांवर करा. आणि घाई म्हणून तापमान वाढवून चाचणी करणार असाल तर सांभाळून. पीएलजीए पन्नास अंशांना मऊ होतं आणि पीसीएल साठला वितळतं; त्या सीमेच्या आसपास मिळालेला वेग ३७ अंशांवर लावता येत नाही.

रक्ताचा प्रश्न मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याला प्रिंटरकडे उत्तर नाही. पेशी केशवाहिनीपासून शंभर-दोनशे मायक्रॉनच्या आतच जगते. तीन सेंटीमीटरच्या मध्यावर वाहिन्या पोचायला आठवडे लागतात. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या एका संशोधक गटाने मेंढ्यांच्या नडगीत नेमकी तीन सेंटीमीटरची गॅप करून हेच पीसीएल-टीसीपी स्कॅफोल्ड प्लेटसह बसवले होते. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. नुसता स्कॅफोल्ड मेंढीच्याच हाडाच्या ग्राफ्टच्या (कलमाच्या) मागे राहिला. त्यात बीएमपी-७ (हाड बनायला चालना देणारं प्रथिन) घातल्यावर बारा महिन्यांनी निकाल ग्राफ्टच्या तोडीस तोड आणि काही मोजमापांत वरचढ आला. म्हणजे या आकाराच्या गॅपमध्ये स्कॅफोल्ड एकटा पुरत नाही. बीएमपीही निर्धोक नाही. बीएमपी-२ला अमेरिकेत २००२ साली मणक्यासाठी परवानगी मिळाली आणि २००८ साली मानेतल्या वापरात घशाकडे सूज येते म्हणून तिथल्या औषध नियामक एफडीएला इशारा द्यावा लागला. स्कॅफोल्डने तो रेणू धरून ठेवून हळूहळू सोडायचा, हे तुमच्या प्रोजेक्टपेक्षा कितीतरी मोठं काम आहे.

सर्जनच्या बाजूनेही बघा. आपल्याकडे नडगीचा तुकडा जातो तो बहुतेकदा दुचाकीच्या अपघातात, हाड बाहेर आलेलं, जखमेत माती. अशा जागी जंतुसंसर्ग पूर्ण आटोक्यात आल्याशिवाय कोणताही परका पदार्थ ठेवणं म्हणजे जंतूंना घर बांधून देणं. शिवाय सर्जनकडे इलिझारोव्हची रिंग (पायाभोवती पिनांनी बसवलेली चौकट) आहे, जी दिवसाला एक मिलिमीटर हाड सरकवते. तीन सेंटीमीटरला महिनाभर सरकवणं आणि त्यानंतर ते पक्कं व्हायला आणखी काही महिने. रुग्ण कंटाळतो, पिनांच्या जागा चिघळतात, पण शेवटी हाड त्याचं स्वतःचं असतं. मास्क्युले पद्धतही आहे: आधी प्रतिजैविक मिसळलेलं सिमेंट सहा-आठ आठवडे, मग त्याभोवती तयार झालेल्या पडद्यात ग्राफ्ट. विरघळणाऱ्या स्कॅफोल्डचा खरा उपयोग मला या दुसऱ्या टप्प्यात दिसतो. कमरेच्या हाडातून मिळणारा ग्राफ्ट कमी पडतो, तो स्कॅफोल्डच्या पोकळीत भरून पुरवता येतो.

तंबाखूच्या कॅन्सरमध्ये काढलेल्या जबड्याला असं छापून देता येईल का, हे मला मुंबई-पुण्याचे विद्यार्थी हटकून विचारतात. तिथे रेडिएशनने भाजलेल्या ऊतकात रक्तपुरवठाच क्षीण असतो. म्हणून १९८९पासून पायातलं फायब्युलाचं हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट आणून जोडतात, आणि थ्रीडी प्रिंटर तिथे मुख्यतः हाड कुठे कापायचं ते दाखवणारे साचे छापायला कामी येतो. विरघळणारे छापील स्कॅफोल्ड जिथे खरोखर रुळले, ती ठिकाणं साधी आहेत: कवटीला पाडलेल्या भोकावरची पीसीएलची झाकणं (सिंगापूरच्या ऑस्टिओपोर कंपनीला २००६ साली अमेरिकेत मंजुरी), डोळ्याच्या खोबणीचा तळ. भार नाही, आजूबाजूला रक्त भरपूर.

म्हणून माझा सल्ला असा की नडगी सोडा आणि कवटीचं भोक घ्या. गाईड नडगीवर अडून बसले असतील तर शीर्षकात ‘प्लेटसह’ हा शब्द घाला आणि प्राण्यांच्या वाटेला जाऊ नका. उंदराच्या कवटीतलं आठ मिलिमीटरचं भोक भरलं म्हणून नडगीबद्दल काहीही सिद्ध होत नाही, आणि मेंढीचा प्रयोग नैतिक समितीच्या मंजुरीसकट तुमच्या दोन वर्षांत बसत नाही. पीसीएल आणि पीसीएल-टीसीपी असे दोन गट, एकेरी आणि दुहेरी थरांची मांडणी, सगळे तुकडे सोडा-प्रक्रिया आणि इथिलीन ऑक्साइड झालेले. ३७ अंशांच्या बफरमध्ये सहा महिने ठेवा. दर महिन्याला रेणुभार, ओल्या अवस्थेतली दाब-चाचणी, काही हजार आवर्तनांचा थकवा, आणि वजन असू द्या सवयीने. पेशींवरचा विषारीपणा वैद्यकीय उपकरणांसाठीच्या आयएसओ १०९९३ मानकाच्या पाचव्या भागाप्रमाणे तपासा. विभागात जीपीसी नसेल तर पॉलिमरवर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत नमुने पाठवून तपासून घ्या. त्यासाठी प्रत्येक महिन्याचे तुकडे आत्ताच जास्तीचे छापून, सुकवून, हवाबंद पाकिटात वेगळे ठेवा. सहाव्या महिन्यात त्याच बॅचचं मटेरियल परत मिळत नाही.